कोरायची छाती

३ मार्च, उस्कुदार
आले एकदाची! एस्कीशेहिर सोडताना आई रडली; मी मात्र बोटीच्या कठड्याला टेकून तीळ लावलेला गोल पाव, सिमित, खात होते. माझ्या खोलीतून समुद्र बोटभर दिसतो, तेवढा पुरे. काम आवडीचं. छातीचं हाड आत दबलेल्या पोरांच्या स्कॅनवरून कॉम्प्युटरवर हुबेहूब छाती उभी करायची. मग शिकाऊ डॉक्टरांनी हाडाखालून स्टीलची पट्टी सरकवायचा सराव करायचा. पट्टी हृदयाला खेटून जाते, म्हणून हा खटाटोप. आमचे प्रमुख राहमी होजाम (इथे सरांना होजाम म्हणतात) म्हणाले, "पोरी, इथे पडद्यावर शंभरदा मारा, म्हणजे वर ऑपरेशनच्या टेबलावर एकही मरणार नाही."

७ मार्च
पहिली छाती कोराय नावाच्या मुलाची. पंधरा वर्षांचा आहे, गळ्यापर्यंत बटणं लावतो, पोहायला कधी गेला नाही. मला म्हणतो, "ताई, माझ्या छातीत चहाचा पेला मावतो, बघायचंय?" मी त्याचं हृदयसुद्धा धडधडतं केलंय. होजाम जाम खूश. शस्त्रक्रिया चौदाला.

९ मार्च
शिकाऊ उमुतची पट्टी थेट हृदयात घुसली. पडद्यावर वेळ अकरा दहा. सगळे खिदळले, "खून केलास की रे!" मी बटण दाबून नवा डाव मांडला. दुपारी वॉर्डात गेले तर कोराय पांढराफटक. त्याची आई नेझाहत म्हणाली, अकरा वाजून दहा मिनिटांनी पोरगं छाती धरून किंचाळलं. योगायोग असेल.

१० मार्च
योगायोग नाही. आज तीन चुका झाल्या आणि त्याला तीन कळा आल्या, मिनिटाला मिनिट. शेवटच्या वेळी ओठ निळे पडले. होजामना सांगितलं. ते म्हणाले, चहा कमी कर आणि झोपत जा. मला रडू आलं.

११ मार्च
फाइल कुलूपबंद केली. शिव्या खाल्ल्या. दिवसभर कळ नाही. कोराय वाटीभर सूप प्याला. नेझाहतनं माझे हात धरून दुवा दिली.

१२ मार्च
साडेनऊला पुन्हा कळ. फाइल तर बंद— मग कोण?

होजामकडे धावले. ते म्हणाले, छाती इतकी झकास जमली की काल रात्रीच तिची प्रत गावोगावच्या चाळीस शिकाऊंना पाठवली. उद्या स्पर्धा आहे, घरोघरी सराव चाललाय. परत मागवा म्हटलं, तर हसले.

एकेकाला फोन करतेय. बरेच जण वेड्यात काढतात, पण थांबतात. अकरा जण उचलतच नाहीत.

कोरायला अतिदक्षता विभागात हलवलं.

आता चार उरले—

एकच मुलगी. बोटीवर आहे, मांडीवर लॅपटॉप. म्हणते, एक मिनिट ताई, पट्टी आत जातेच आहे— मी ओरडतेय, तिकडे वारा, तिला ऐकू—

वरून नेझाहतची किंकाळी.

मुलगी म्हणते, हात्तिच्या, घुसली. हरकत नाही, पुन्हा पहिल्यापासून करते—