उपकारस्तुतीची प्रार्थना

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला प्रभूच्या नावाने लेकीचा सलाम.

मी बरी आहे, दोन्ही वेळ नीट जेवते. इस्पितळाच्या लाँड्रीतलं काम आता अंगवळणी पडलंय. वाफेनं हात थोडे सोलतात, पण आईला सांगू नका, ती उगाच जीवाला घोर लावून घेईल. तिचा खोकला कसा आहे?

माझ्या शेजारी इस्त्री करणाऱ्या मावशींबद्दल मी लिहिलं होतं. इथल्या चर्चमध्ये मला त्यांनीच नेलं. त्या आजारी पडल्यापासून वर्षभर सगळी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. मी तर चादरींच्या घड्या घालतानाही करायचे. मागच्या महिन्यात मावशी गेल्या. त्यांच्या इस्पितळातल्या खाटेवरची चादर धुवायला माझ्याकडेच आली.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "सरत्या वर्षात देवानं जे दिलं, त्याच्या उपकारस्तुतीची प्रार्थना तू कर."

मी उभी राहिले. समोरच मावशींचे यजमान बसले होते. सगळे डोळे मिटून वाट बघत राहिले. शेवटी यजमानच उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बस, बाळ. मलाही जमत नाही."

तेव्हापासून मी रोज गुडघे टेकते आणि तशीच उठते. बाबा, तुम्ही इतकी वर्षं पाळक आहात, तुमचं असं कधी झालं होतं का? झालं असेल तर खरं लिहा. उपदेश नको.

तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता, ती थांबवू नका. सध्या माझ्या वाटणीचीही तुम्हीच करा.

तुमची,
धाकटी