राणीच्या चेहऱ्यावरची झिलई

मी, एर्सिलिया कापुओत्सो, वय पंचाहत्तर, कै. कार्मिने इम्पाराटो यांची विधवा, धंदा संगमरवर घोटण्याचा, राहणार नेपल्स, राजांच्या चर्चच्या मागची गल्ली, दुसरा मजला, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. मी सांगते आहे आणि नोटरी पालुम्बोसाहेब लिहून घेत आहेत. मध्येमध्ये ते म्हणतात, "बाई, हे लिहायची गरज नाही." माझ्या मते आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहत्या दोन खोल्या, त्यातल्या सगळ्या सामानासह, माझा एकुलता मुलगा साबातिनो याला मिळाव्यात. तो मला उतारवयात झाला, लढाई संपल्यावर. लोक हसले. हसू देत. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा संगमरवरी पाट मात्र त्याने विकू नये. त्यावर एका बाजूला खळगा पडला आहे. चाळीस वर्षे मी तिथेच कणीक मळली.

कलम २. पोस्टात आहे ते आधी माझ्या क्रियाकर्मासाठी आणि कार्मिनेच्या नावाच्या प्रार्थनेसाठी वापरावे. उरेल ते साबातिनोचे. फुलांचा भपका करू नये. तिसऱ्या मजल्यावरच्या आमालियाबाईंना माझी कपडे वाळत घालायची दोरी द्यावी. एकोणीस वर्षे त्या आपल्या टेबलावरची चादर माझ्या धुतलेल्या कपड्यांवर झटकत आल्या. आता त्यांच्या स्वतःच्या कपड्यांवर झटकावी.

कलम ३. कारखान्यातली हत्यारे. छिन्न्या, कानशी, पट्ट्या सगळे साबातिनोला. माझे घोटायचे दगड, खरखरीत ते गुळगुळीत असे सात, तेही त्यालाच. यांतल्या शेवटच्या दगडाने मी एक पाप केले आहे. ते पुढे येईल. कार्मिनेचा लोखंडी हातोडा, ज्याच्या दांड्याला त्याच्या अंगठ्याचा वण पडला आहे, तो मी कलम ५ मध्ये दुसऱ्याला दिला आहे.

कलम ४. हे साबातिनोसाठी. बाळा, हे वाचण्याआधी चर्चमध्ये जाऊन ये. दुरुस्तीसाठी तुमची परांची बांधलेली आहेच. वर चढ, राणीच्या थडग्यापाशी बस, तिचा चेहरा नीट बघ आणि मग पुढे वाच.

बघितलास? ती तुझी बहीण फिलुमेना.

सांगते. त्रेचाळीसच्या साली बाँब पडले आणि चर्चचे छप्पर पेटले. जळती तुळई राणीच्या थडग्यावर कोसळली. आगीत संगमरवराचा चुना होतो, हे तुला मी शिकवायला नको. राणीचा लोकांच्या बाजूचा अर्धा चेहरा हाताने चुरगळावा तसा गळून गेला. भिंतीकडचा अर्धा राहिला, कान, थोडा गाल. तो भाग जुन्या कारागिराने कच्चाच ठेवला होता, कारण खालून तो कुणाला दिसत नाही. आपल्याकडे राजांच्या मूर्ती अशाच घडवायच्या, दिसेल तेवढ्या.

त्याच महिन्यात विमानहल्ल्याचा भोंगा वाजला आणि तळघराच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. फिलुमेना त्यात गेली. सतरा वर्षांची होती. तिचा एकच फोटो होता, तो बाँबने पडलेल्या घराबरोबर गेला.

पन्नास साली राणीचे काम आपल्या कारखान्याला मिळाले. कारखाना दोघांचा होता, तुझ्या बाबांचा आणि ओरेस्ते विताल्यानो यांचा. दोघे एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. मास्तरांचा नियम एकच होता: जोडलेला भाग जोडलेला दिसला पाहिजे. नवा दगड जुन्याहून केसभर खाली बसवायचा आणि त्याला झिलई द्यायची नाही, म्हणजे पुढच्याला कळते की राणी कुठे संपते आणि आपण कुठे सुरू होतो.

राणी दिसायला कशी होती ते कोणालाच ठाऊक नव्हते. एकदा जेवताना कार्मिनेने मला विचारले, "आपल्या पोरीची हनुवटी गं, गोल होती की जरा टोकदार?" मी हातातला चमचा खाली ठेवला. मग रोज एकेक विचारायचा. मी सांगायचे. पाणी आण म्हटले की तिची एक भुवई वर जायची, तेही मीच सांगितले. त्याने ती भुवई केली. देवा रे, हुबेहूब केली!

नियम त्याने पाळला. सांधा ठेवला, नवा भाग मंद ठेवला. मग तो तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळला. मी एकटी परांचीवर होते. खाली दोन बायका उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "ठिगळ लावलंय गं राणीच्या तोंडाला."

माझ्या पोरीला ठिगळ म्हणाली. माझे डोके फिरले. मी कडा घासून एकसारख्या केल्या, सातवा दगड घेतला, मेण घेतले आणि चार दिवस घोटत बसले. सांधा नाहीसा झाला. माझ्यासारखा हात नेपल्समध्ये दुसरा नव्हता, हे अभिमानाने सांगत नाही. खरे सांगायचे तर थोडे अभिमानानेच सांगते आहे.

कार्मिने बरा होऊन वर चढला, त्याने सांध्याच्या जागी बोट फिरवले आणि तो खाली उतरला. घरी येऊन एवढेच म्हणाला, "आता ती तिथं राणी म्हणूनच राहील, एर्सिलिया. आपली म्हणून नाही." तेव्हा मला ते कळले नाही.

पुढे उत्तरेकडचे एक चष्मेवाले प्राध्यापक आले. त्यांनी त्या भुवईवर अकरा पाने लिहिली. राजघराण्याचा तिरस्कार म्हणे! पाणी आणायचा कंटाळा होता तो.

हे सगळे मी माझ्याबरोबर नेणार होते. पण भूकंपानंतर तुमची परांची बांधली गेली आणि परवा तू घरी येऊन म्हणालास, "आई, काय हात असेल गं त्या माणसाचा! सहाशे वर्षं झाली. मला जन्मात जमणार नाही असं." मी भांडी घासत राहिले. पोरगा स्वतःच्या बापाच्या कामापुढे उभा होता आणि त्याने बापाला ओळखले नव्हते. बहिणीला ओळखले नव्हते. याला कारण मी.

म्हणून माझी शेवटची इच्छा अशी. साबातिनोने या कलमाची नक्कल काम पाहणाऱ्या साहेबांना द्यावी. त्यांनी हो म्हटल्यावर भुवईपासून हनुवटीपर्यंत माझी झिलई उतरवावी. खरखरीत दगड, भरपूर पाणी, हलका हात. सांधा दिसू द्यावा. साहेब कदाचित म्हणतील की हा चेहराच काढा आणि तिथे कोरा दगड बसवा. तसा त्यांना अधिकार आहे. मला त्याची फार भीती वाटते. जगात तिचा तेवढाच चेहरा उरला आहे. तरी खोटी राणी म्हणून तिथे निजण्यापेक्षा ती आपली म्हणून तिथून उतरलेली बरी. उतरवलीच, तर घरी आणावी.

कलम ५. कार्मिनेचा हातोडा ओरेस्ते विताल्यानो यांना द्यावा. ते फिलुमेनाचे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला त्यांनीच हातावर धरले होते. पन्नास साली त्यांनी ते घोटलेले तोंड पाहिले आणि कारखान्याच्या दारात उभे राहून कार्मिनेला म्हणाले, "मास्तरांच्या तोंडाला काळं फासलंस. तू खोटारडा आहेस." कार्मिनेने मान खाली घातली. "बायकोने केलं" एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत, तेव्हाही नाही आणि मरेपर्यंत नाहीत. ओरेस्ते वेगळे झाले, त्यांनी न्हाणीघरांच्या संगमरवराचा धंदा काढला, कार्मिनेच्या प्रेताला आले नाहीत. मी गल्लीभर सांगत फिरले की हा माणूस राजे सोडून मोऱ्या घडवतो, याचे काळीजही मोरीच्या दगडाचे. ते सगळे मी मागे घेते. चूक माझी होती. ओरेस्ते नियमाला धरून होते आणि कार्मिने मला धरून.

पुरवणी. हे मृत्युपत्र आज सकाळी दोन साक्षीदारांसमोर वाचायचे होते. चर्चची व्यवस्था पाहणारे लिबोरियो स्कोन्यामिल्यो वेळेवर आले. खालचे औषधवाले कंबर धरल्यामुळे आले नाहीत. ओरेस्ते यांना मी कलम ५ ऐकण्यापुरते बोलावले होते. तेहेतीस वर्षांनी ते माझा जिना चढले, रविवारचा कोट घालून. नोटरीसाहेबांनी सगळे वाचले. मग जे बोलणे झाले ते मी लिहून घ्यायला लावते.

ओरेस्ते म्हणाले, "मी दारात त्याला शिव्या देत होतो, तेव्हा वहिनी, तुम्ही कुठं होता?"

"आत. घोटायच्या दगडांपाशी."

"ऐकू येत होतं?"

"सगळं येत होतं, भावजी."

"फार वाईट बाई आहात तुम्ही."

मी म्हटले, "साहेब, हेही लिहा."

ते रडत होते. मीही रडत होते. नोटरीसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले, मग म्हणाले की दुसरा साक्षीदार नसल्याने आज सह्या होणार नाहीत, पुढच्या आठवड्यात पाहू. डॉक्टर माझ्याबाबतीत पुढच्या आठवड्याची खात्री देत नाहीत.

ओरेस्ते म्हणाले, "मी आहे की."

साहेब म्हणाले, "तुम्हाला हातोडा मिळायचा आहे. कायद्याने ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. सही केलीत तर हातोडा गेला."

हातोडा टेबलावरच होता. ओरेस्ते यांनी तो उचलला. त्यांचा अंगठा कार्मिनेच्या वणात बसला. मग हातोडा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हा साबातिनोला द्या. पोरीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत माझी सही आहे. इथंही असू दे."

म्हणून कलम ५ मधील देणगी माझ्या इच्छेने रद्द. हातोडा साबातिनोला. बाकीचे कलम ५ जसेच्या तसे राहावे, त्यातला एक शब्दही खोडू नये.

वर लिहिलेले मला वाचून दाखवले. ते माझेच बोलणे आहे आणि मला मान्य आहे.

नेपल्स, १४ मार्च १९८३

सही: एर्सिलिया कापुओत्सो

नोटरी: पालुम्बो

साक्षीदार पहिले: लिबोरियो स्कोन्यामिल्यो, चर्चचे व्यवस्थापक

साक्षीदार दुसरे: ओरेस्ते विताल्यानो, संगमरवराचे कारागीर. राणीच्या थडग्यावर आहे त्या फिलुमेना इम्पाराटोचा धर्मपिता. (शेवटचे वाक्य साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिले आहे.)