घोरणं थांबलं की

अगं,

चिमीला शाळेत सोडलंय. तू रात्रपाळी करून दमून येशील, म्हणून फोन न करता चिठ्ठी ठेवतोय. मी डॉक्टरांकडे चाललोय.

झोपेत श्वासावर लक्ष ठेवायला चिमीच्या पायाला बांधतो, त्या पट्ट्याची नोंद सकाळी मोबाईलवर पाहिली. झोपेत तिचा श्वास थांबतो. काल एकवीस वेळा थांबला. तू वर्षभर हेच सांगत होतीस आणि मी 'बापावर गेलीये, घोरणारच' म्हणत हसण्यावारी नेलं.

खरं सांगू? तिचं घोरणं थांबलं की मला हायसं वाटायचं. आता गाढ झोपली, म्हणत मी कूस बदलायचो.

पट्टा चार्जिंगला लावलाय. दुपारी झोपवताना बांध. घोरता घोरता ती गप्प झाली, तर माझ्यासारखी निवांत होऊ नकोस. उठव तिला.