तीन नंबरची स्वच्छ चड्डी

मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप मामांना,

एका हातात इस्त्री असल्यामुळे उरलेल्या हाताने का होईना, पण पूर्ण मनाने नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? सामना बघताना उठून उभं राहायला डॉक्टरांनी तुम्हाला बंदी केली आहे, असं मागच्या पत्रात होतं. आपल्या संघाचा सध्याचा खेळ पाहता ही बंदी पाळणं जड जाऊ नये. मामींची दाढ बरी असेल. त्यांना माझा नमस्कार सांगावा, पण पत्र दाखवू नये. (फोन न करता पत्र लिहिण्याचं कारणही तेच. फोन मामी उचलतात.)

पत्रास कारण तुमचे चिरंजीव. आपला तीन नंबर, डावा बचावपटू, गेले चार सामने बाकावर बसून आहे हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. पोटरी दुखावली आहे असं त्याने घरी सांगितलं आहे. तसं काही नाही, पोटरी ठणठणीत आहे, काळजी नसावी. रविवारी हंगामातला शेवटचा सामना. हरलो तर संघ खालच्या विभागात जाणार, आणि जिंको की हरो, पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं त्याची यादी सोमवारी लागणार. पाच सामने बाकावर काढलेल्या माणसाचं नाव अशा यादीत येत नाही. लोक म्हणतात, त्याला कोचने बसवला. मामा, तुमच्यापासून काय लपवायचं? त्याला मी बसवला.

संघाचे कपडे या हंगामापासून माझ्या लाँड्रीत येतात हे तुम्हाला ठाऊक आहे. (शब्द तुम्हीच टाकला होतात, तेव्हा पुढे जे झालं त्याचा थोडा भार तुमच्याकडेही जातो.) आमच्या गल्लीत फुटबॉलवर मत नाही असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. शेजारच्या सलूनवाल्याचं म्हणणं, नऊ नंबरच्या डोक्यात दोन भोवरे आहेत, आणि दोन भोवऱ्यांचा माणूस चेंडू घेऊन कुठे जाईल हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. समोरचा चष्मेवाला सांगतो की गोलकीपरचा नंबर वाढला आहे. तो कसा तपासला असं विचारलं तर म्हणतो, लांबून. ही सगळी मतं झाली. माझ्याकडे मात्र दर सोमवारी पुरावा येतो, आणि तो पोतं भरून येतो. नऊ नंबरच्या शर्टाला माती फक्त पाठीवर असते, म्हणजे धक्का लागण्याआधीच गडी उताणा पडतो. दहा नंबरला सगळे राजे म्हणतात. राजांच्या मोज्यांना घोट्याच्या वर चिखल नसतो, कारण चेंडूने आपल्याकडे यावं, आपण चेंडूकडे जाऊ नये, हा त्यांचा शिरस्ता आहे. आणि गोलकीपरच्या शर्टाचा उजवा कोपर गवताने हिरवागार असतो, डावा कोरा. अठरा वर्षं लोकांचे डाग बघतो आहे मी. कोण जेवताना खोटं बोलतो इथपर्यंत मला कळतं.

तर एका सोमवारी मी हे कोपराचं सलूनवाल्याला समजावून सांगत होतो. मागे कोणीतरी कोट घ्यायला उभं होतं. ते कोच निघाले. कोट घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना पुन्हा दारात. त्यांनी हिशेब काढला होता: हंगामात खाल्लेल्या चौदा गोलांपैकी अकरा गोलकीपरच्या डाव्या हाताला. डॉक्टरला विचारावं तशा खालच्या आवाजात ते म्हणाले, “आणखी काय दिसतं?”

मामा, अठरा वर्षांत “कधी मिळतील?” याखेरीज दुसरा प्रश्न मला या टेबलावर कोणी विचारलेला नाही. मी बसायला स्टूल दिलं आणि सगळं सांगितलं. पाठ सांगितली, घोटे सांगितले. आणि बोलण्याच्या भरात म्हणालो, “खरं सांगायचं तर साहेब, तीन नंबरचे कपडे परीटघडीचे येतात. नव्वद मिनिटं हा माणूस मैदानावर असतो, की दारात उभा राहून पाहुण्यांची वाट बघतो, कळत नाही.” तो माझा भाऊ आहे हे त्या वेळी लक्षात नव्हतं, असं मी आता म्हणू शकलो असतो. लक्षात होतं. पण माणसाला न्यायाधीशाची खुर्ची मिळाली की पहिली शिक्षा तो घरच्यालाच करतो. त्याशिवाय बाकीच्यांचा विश्वास बसत नाही.

पुढच्या सामन्यात तीन नंबर बाकावर आणि त्याच्या जागी चौदा नंबर. हा चौदा नंबर वारा लागला तरी पडतो, आणि पडला की दोन-तीन कोलांट्या घेतल्याशिवाय थांबत नाही. कपडे काय सांगू! कॉलरच्या आतल्या बाजूला चिखल. कोच पोतं उघडून बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. त्याच्या बाजूने चार सामन्यांत आपल्यावर सात गोल झाले, पण तो कष्टाळू आहे यात कोणाला शंका उरली नाही. (मलाही नव्हती, हे कबूल करतो.) सलूनवाल्याच्या तोंडात तर तीळ भिजत नाही. लाँड्रीतली गोष्ट त्याच्या खुर्चीवरून गावभर झाली, आणि आता चिरंजीव बाकावरून उठून नुसते हातपाय मोकळे करायला लागले तरी स्टँडमधून “परीटघडी! परीटघडी!” अशी आरोळी उठते. बाकीच्या खेळाडूंनीही सुगावा लागताच बंदोबस्त केला. नऊ नंबर आता सामन्याआधीच कोपऱ्यात जाऊन लोळून येतो. राजांनी तर गुडघ्यांना माती चोळून घेतली, तीही उभ्याने. संघाचा मळ दुप्पट झाला. गोल तेवढेच राहिले.

हे असंच चाललं असतं, पण गेल्या शनिवारी मी धुतलेले कपडे द्यायला स्वतः मैदानावर गेलो. स्टँडच्या मागे एक नळ आहे. तिथे तुमचे चिरंजीव उकिडवे बसून, साबणाची वडी घेऊन, सरावाची चड्डी घासत होते. पलीकडे मैदानाचा माळी पाइप गुंडाळत होता. त्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, “रोजचंच आहे. पहिल्या दिवसापासून बघतोय. एकदा म्हटलं, अरे बाबा, लाँड्री आहे की. तर म्हणतो, लाँड्री दादाची आहे, म्हणूनच!”

मी जवळ गेलो. तो चोरी पकडल्यासारखा उठला आणि चड्डी पाठीमागे धरून हसला. म्हणाला, “दादा, तू मला खांद्यावर बसवून सामने दाखवलेस, आणि मी माझे मळके कपडे तुझ्यापुढे टाकू? बरं दिसतं का ते? आईने तर निघतानाच बजावलंय, दादाला तुझी घाण काढायला लावलीस तर घरात पाऊल ठेवू नकोस.” मामा, त्याचे कपडे पोत्यात जरा ओलसर असायचे. मी तो घाम समजलो. धावलाच नाही तर घाम कुठला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. साबणाचा वासही यायचा. तो मी माझा समजलो.

मग त्याने विचारलं, “दादा, कोच तुझ्याकडे येतात म्हणे. मला का बसवलं, काही बोलले का?” मी म्हटलं, या कोच लोकांचं काही सांगता येत नाही. तो बिचारा हो म्हणाला आणि उरलेले मोजे घासायला बसला.

काल मी कोचच्या खोलीत गेलो. स्टँडच्या पायऱ्यांखालची खोली आहे, मान वाकवून बसावं लागतं. भिंतीवर खेळाडूंच्या जागा दाखवणारा फळा आहे. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “तो तुमचा कोण?” मी म्हटलं, मामेभाऊ. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “चार सामने नातं कुठे होतं?” मी म्हटलं, साहेब, कपडे सोडा, तुम्ही त्याचा खेळ प्रत्यक्ष बघा की. तर म्हणाले, “मैदानावर बावीस जण पळत असतात, बघायचं कोणाकडे?” शेवटी एवढं ठरलं: शुक्रवारी आपसांत सराव सामना आहे. त्यात त्याला उतरवतील. संपल्यावर त्याचे कपडे न धुता त्यांच्यासमोर आणायचे. माती दिसली तर रविवारी तीन नंबर खेळेल. तोवर, म्हणाले, “मला लाँड्रीवाल्याचं मत नको, कपडे हवेत.”

असो. तुमच्याकडे काही मागावं म्हणून हे लिहिलं नाही. कोणा तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढाच हेतू. रविवारी तुम्ही दोघं येणारच आहात. तिकिटं मी काढून ठेवली आहेत, समोरच्या स्टँडची. आमच्या बाजूला ऊन फार असतं. (आरोळ्याही याच बाजूने येतात.)

तुमचा भाचा

ता. क. एक बारीकसं काम होतं. चिरंजीवांना मी शनिवारीच सांगितलं की यापुढे कपडे मळकेच टाक. तो म्हणाला, “गंमत करतोस काय दादा!” खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि ते माझ्याच्याने होत नाही. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी मामींना त्याला फोन करायला लावावा आणि ‘दादाला मळकेच कपडे दे’ असं निक्षून सांगायला लावावं. त्यांचा शब्द तो मोडत नाही. मामींना कारण म्हणून, माझं नवीन यंत्र स्वच्छ कपडे घातले की बिघडतं, असं सांगावं. यंत्रांबद्दल काहीही सांगितलं तरी त्यांना पटतं. हे झालं नाही तर शुक्रवारी तो सवयीने नळावर जाईल आणि सगळं मुसळ केरात.

ता. क. २. पाकीट बंद करणार एवढ्यात मैदानावरून आजच्या सरावाचं पोतं आलं. तिथल्या नळाचं पाणी आज सकाळपासून गेलं आहे. मामा, तीन नंबरची चड्डी कमरेपर्यंत चिखलाने माखलेली, दोन्ही गुडघे हिरवे, शर्टाच्या खांद्यावर कोणाच्या तरी बुटाचा अख्खा ठसा! एवढा मेहनती डाग मी आजवर पाहिलेला नाही. डोळ्यांत पाणी आलं. सगळं टेबलावर वेगळं काढलं, वर चिठ्ठी लावली, ‘कोचना दाखवायचे आहेत’, आणि धावत जाऊन, त्यांची सभा संपेपर्यंत दीड तास दारात थांबून, कोचना घेऊन आलो. वरच्या ता. क. ची आता गरज नाही असं तुम्हाला कळवणार होतो.

ता. क. ३. गरज आहे. फोन गुरुवारीच होऊ द्यावा. तुमच्या सूनबाईंनी, म्हणजे माझ्या सौभाग्यवतींनी, मी बाहेर गेल्यावर चिठ्ठी वाचली. “कोचना दाखवायचे, आणि असले?” असं म्हणून त्यांनी हातातली कामं टाकून सगळं आधी धुतलं, वाळवणीच्या यंत्रातून काढलं आणि कडक इस्त्री केली. आम्ही आत शिरलो तेव्हा त्या शेवटची घडी घालत होत्या. कोचनी चड्डी उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. सूनबाईंनी काळजीने विचारलं, “साहेब, कुठे डाग राहिला का हो?” ते म्हणाले, नाही. आणि मामा, खरंच राहिला नव्हता.