जेलच्या दारातलं इन्सुलिन

तात्या, परवा तुमच्या केसचा निकाल लागला. जेलच्या डॉक्टरनं हयगय केली, औषध मिळणं हा कैद्याचाही हक्क होता, असं हायकोर्टानं लिहिलंय. डॉक्टर कधीच रिटायर झाला.

शेळगावच्या चारीवर, कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून तुम्ही चुलतभावाच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातलात, आणि कोर्टानं तुम्हाला जेलात धाडलं. रोज भाकरीआधी चुलीपुढं बसून तुम्ही सदरा वर करायचा आणि पोटात सुई मी टोचायची, कारण आईचा हात थरथरायचा. म्हणून पहिल्या दिवशी बर्फाच्या डब्यात इन्सुलिन घेऊन मीच जेलच्या दारात गेले. शिपाई म्हणाला, "बाहेरचं औषध आत जात न्हाय. आत डॉक्टर हाय." डॉक्टर मोटारसायकल लावत होता. मी तुमचे कागद पुढं केले, तर न बघताच हसला. "जेलात आलं की समद्यांनाच आजार व्हत्यात, पोरी."

तुमच्या बराकीतला, बावडा गावचा एक माणूस पुढं साक्षीला उभा राहिला. तो सांगतो, तुम्ही माठ रिकामा करता, ओकता, पुन्हा पाणी मागता. डॉक्टर गजाबाहेरूनच बघतो आणि वहीत 'नाटक करतो' असं लिहितो. तिसऱ्या दिवशी तुम्हाला धाप लागते, तेव्हा म्हणतो, "जामीन पायजे हाय याला." त्याच संध्याकाळी तुम्ही गेलात. आमच्या ताब्यात दिलं तेव्हा तुमचे ओठ चिरलेले होते. मी आता बारामतीत नर्स आहे. शुगर चढलेल्या माणसाच्या श्वासाचा वास मला वॉर्डाच्या दारातच कळतो.

निकालात एक वाक्य माझ्याबद्दलही आहे: मुलगी तिन्ही दिवस औषध घेऊन दारात उभी होती.

मधल्या दिवशी मी गेले नव्हते, तात्या. चारीवरच्या भांडणाच्या सकाळीच तुम्ही माझा नर्सिंगचा फॉर्म चुलीत घातला होता. "सुया टोचायच्या त्या घरात टोच," म्हणाला होतात. आईनं डबा भरून हातात दिला, मी खाली ठेवला. "राहू दे एक दिस. कळू दे त्यांना." पुढं शपथपत्र करताना वकिलांनी विचारलं, "तिन्ही दिवस ना?" मी हो म्हटलं.

डबा आत गेला नसताच. पण म्हणून मी घरी राहिले नव्हते.

परवा निकाल ऐकून परतताना एसटीत आई म्हणाली, "त्या दिशी मीच जाया पायजे हुतं." मी तिला तो दोष स्वतःवर घेऊ दिला. हा कागद तिच्या हाती लागणार नाही.