पाच फूट दहा इंचांची यादी

मेहकर,
मंगळवार

आदरणीय प्राचीताईस,

अश्वजितचा सविनय जय भीम. तू आणि भावजी खुशाल असाल, असं धरून चालतो. भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. इकडे आई बरी आहे. तिनं तुझ्यासाठी लोणचं पाठवलं आहे. बरणी मी तीन पिशव्यांत बांधली आहे, तरी उघडताना सरळ धरावी. (हे पत्र बरणीसोबतच ट्रॅव्हल्सनं येत आहे. फोन केला असता, पण आमच्याकडे फोन आईसमोर बसूनच करावा लागतो.)

वधू-वर मेळाव्याच्या नोंदींसाठी तू लिहिलेल्या संगणक प्रोग्रामचा पॅच मिळाला. पॅच म्हणजे काय, हे आमच्या मंडळाचे अध्यक्ष पंजाबरावकाका यांना मी एका वाक्यात समजावलं: कोणत्या फायलीतली कोणती ओळ काढायची आणि तिथं कोणती बसवायची, याची चिठ्ठी. ती लावण्याआधी कोणकोणत्या फायली बदलणार, हे एलएसडिफ या कमांडनं पाहून घे, असं तू बजावलं होतंस. मी बारावी नापास असलो तरी सूचना पूर्ण वाचल्याशिवाय कशाला हात लावत नाही. संगणकाच्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर टाइप केलं, दोनदा वाचलं, मग एन्टर दाबलं. एलएसडिफ काहीही बदलत नाही, फक्त नावं सांगून गप्प बसतं, हे मला फार आवडलं. (आपल्या नात्यात असा एकही माणूस नाही.)

तीन नावं आली: उंची, वर-४७ आणि वधू-११२. पहिली फाइल प्रोग्रामची, बाकी दोन उमेदवारांच्या. कारण तुला ठाऊकच आहे. अर्जात ५.१० लिहिलं, म्हणजे पाच फूट दहा इंच, की तुझा प्रोग्राम शेवटचं शून्य बिनकामाचं समजून टाकून द्यायचा, आणि माणूस ५.१ म्हणजे पाच फूट एक इंचाचा व्हायचा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या कच्च्या यादीत तसंच गेलं. सव्वादोनशे उमेदवारांत दहा इंचवाले दोघंच निघाले. वर-४७ म्हणजे मी, आणि वधू-११२ म्हणजे दुसरबीडची मंजुश्री. ती तिथं टपाल वाटते. मी तिला तोवर पाहिलेलं नव्हतं.

माझी पद्धत अशी की काम करण्याआधी कागद छापायचा आणि पेन्सिलीनं खुणा करत जायचं. म्हणून ती यादी छापली. कागदाच्या माथ्यावर मीच 'खालील नोंदींत बदल होणार आहे' असा मथळा दिला होता, तारीखही घातली होती. मग पेन्सिलीला टोक करायला बाहेर गेलो. पंजाबरावकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते, हे तू जाणतेसच. छापलेला कागद दिसला की त्यावर शिक्का मारायचा आणि फलकावर लावायचा, ही त्यांची बत्तीस वर्षांची सवय. मी परत येईपर्यंत कागद विहाराच्या दाराशी लागला होता आणि लोक वाचत होते. त्यांचंही चुकलं, असं मला म्हणता येत नाही. मेळावा वधू-वरांचा, कागदावर एक वर आणि एक वधू, आणि खाली मंडळाचा शिक्का. या दोघांत बदल तो आणखी कोणता होणार? संध्याकाळपर्यंत माझं चौघांनी हात जोडून अभिनंदन केलं. त्या प्रत्येकाला मी एलएसडिफ समजावून सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि तारीख विचारली.

दुसऱ्या दिवशी दुसरबीडहून मंजुश्रीची आई कलाबाई लेकीला घेऊन आल्या. "काऊन बे पोरा," त्या म्हणाल्या, "तुह्या घरचा चहाबी नाही पेली मी अजून, अन् तू पोरीचं नाव लावून मोकळा झाला?"

मी घाबरलो नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं, संगणकावर फाइल उघडून ५.१ आणि ५.१० यांतला फरक दाखवला. तो त्यांना पंजाबरावकाकांपेक्षा लवकर कळला, आणि खरी अडचण तिथंच सुरू झाली. उंचीपायी आजवर मंजुश्रीला कोणी पाहायलाच येत नव्हतं. कच्ची यादी फिरल्यापासून दोघं येऊन गेले आणि आणखी तिघं येणार आहेत. कलाबाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि आवाज उतरवला. म्हणाल्या, राहू दे ते शून्य, शून्याले कुठं किंमत असते.

ताई, मेळाव्याची पक्की पुस्तिका पुढच्या गुरुवारी छापायला जाते. पॅच लावला तर एका मुलीची तीन स्थळं जातात, न लावला तर पुस्तिका खोटी. तेव्हा मंजुश्री पहिल्यांदा बोलली.

"पाच फूट एक वाचून आलेले दोन्ही पाव्हणे चहा अर्धा सोडून गेले. कप मीच धुतले. शून्य लावा तुम्ही."

मी पॅच लावला. तिन्ही फायली बदलल्या, चौथीला धक्का नाही, सगळ्यांवर पेन्सिलीची खूण केली. एकूण तांत्रिक बाजू पूर्णपणे माझ्या हातात आहे. पॅचपलीकडे या प्रकरणात माझं काहीही नाही, हे मावशीलाही सांगावं.

तुझा मावसभाऊ,
अश्वजित

ता. क. फलकावरचा कागद अजून तिथंच आहे. शिक्का मारलेला कागद महिना होईस्तोवर काढत नसतात, असं काका म्हणतात. मी फार आग्रह धरला नाही.

ता. क. २. मंडळाच्या ऑफिसच्या मागच्या दाराची चौकट ठेंगणी आहे. डोकं आपटू नये म्हणून मी तिला फोमची पट्टी चिकटवली आहे आणि नेहमी वाकूनच जातो. त्या दोघींना सोडायला गेलो तेव्हाही वाकलो. मंजुश्री माझ्या मागं होती. तिचं डोकं फोमला लागलं. ती म्हणाली, "तुम्ही काऊन वाकता? सरळ चालले तरी तुमच्या डोक्यावर बोटभर जागा राह्यते." ती गेल्यावर मी टेप आणून तीनदा मोजलं. पाच फूट नऊ. अर्ज भरताना मी बूट घालून मोजलं होतं.

ता. क. ३. म्हणून मुख्य विनंती: एका ओळीचा नवा पॅच पाठव. वर-४७, ५.९. (यात शून्य नाही, त्यामुळे तुझ्या प्रोग्रामलाही त्रास नाही.) रविवारच्या आत मिळावा. मी मंजुश्रीला टपालानं माझ्या उंचीची चूक कळवली होती, आणि तिनं उत्तर दिलं आहे की रविवारी साडेअकराच्या गाडीनं येऊन ती दुरुस्तीची यादी स्वतः वाचणार, फलकावर. या वेळी एलएसडिफ एकच नाव देईल, आणि तो कागद मी स्वतः फलकावर लावीन. त्याखाली कोणी हातानं दुसरं लिहील, असं मी मुळीच धरून चाललेलो नाही. पेन तेवढं फलकाला सुतळीनं बांधून ठेवलं आहे.