दूध सांडलं न्हाई

१२ जुलै
लातूरच्या गंजगोलाईतून, बाजारातून येताना आटोला मागून कार धडकली. धडकली काय, टेकली. माझ्या मांडीवर दुधाची कॅन होती, झाकणाबिगर. थेंब सांडला न्हाई. कारवाला क्लासचा मास्तर. हात जोडले, गेला. सून संगी मान धरून बसली. म्हणलं, चल, मेसची पोरं जेवायला येतील, कणीक मळायचीय.

१३ जुलै
संगीची मान दुखून राहिली म्हणं. तेल चोळलं, उशी काढून घेतली. झालं.

१६ जुलै
वकिलाचा माणूस दारात. ह्याला कुणी सांगितलं? आटोवाल्यानंच. आपला आपण खुर्ची ओढून बसला. "मावशी, मानेचं लई चांगलं असतंय. हाड मोडलं तर फोटोत दिसतंय, मान दुखलेली कुणाला दिसती? क्लेम टाका." पिशवीतून गळ्याचा पट्टा काढला. आधी कुणीतरी घातलेला, खोबरेलाचा वास. म्हणलं, ऊठ. बाळ्या म्हणतो, "माय, ऐकून तरी घे." पोरगा माझा, आन च्या पाजला त्याला.

३ ऑगस्ट
बाळ्या बायकोला नांदेडच्या मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेल्ता. वजन उचलू नको, पोळ्या लाटू नको. इलाज लांबायचा. मेसच्या कमाईत भागायचा न्हाई, म्हणून क्लेम टाकला. मला न विचारता. पोळ्या आता मीच. बाळ्याच्या बारशाच्या दिवशी जात्यावर बसलेली बाई मी. हिला मागून हाक मारली तर आख्खी वळती. सोंग.

२० ऑगस्ट
जिकडं बघावं तिकडं पट्टे. मागच्या गल्लीतला जीपवाला पट्टा घालून क्रिकेट खेळून राहिला. संगीला म्हणलं, जा, तू बी खेळ.

९ जानेवारी
उद्या कोर्टात माझी साक्ष.
"माय, जोरात धडकली म्हण."
"झालं ते सांगीन."
"तुझी सून हाय गं."
"सून हाय म्हणून दूध सांडलं म्हणू?"

१० जानेवारी
घरी येऊन लिहिते.
साक्ष दिली. विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, धक्का जोरात होता का? म्हणलं, मांडीवरचं दूध सांडलं न्हाई. जज सायबानं लिहून घेतलं. बाळ्यानं कपाळाला हात लावला.
भाईर व्हरांड्यात येऊन संगीजवळ बसले. बाकावर क्लेमवाले ओळीनं, समद्यांच्या गळ्यात पट्टे. तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली. भूकंपापासून लातूरचा माणूस आधी वर बघतो, पंखा हालतो का. समद्यांनी बघितलं. पट्टेवाले बी, माना मागं टाकून. एकजण तर पट्टा उपसून अंगणात पळाला. शिपाई वरडला, "बसा हो, वर कपाट ओढून राहिलेत!"
कंपनीचा वकील दारातच उभा. पोट धरून हसला. "झाले की समदे बरे! डॉक्टरपेक्षा कपाट भारी!"
मी बी हसले. मंग संगी दिसली.
तिची माय भूकंपात छताखाली गेली. घरात भांडं वाजलं तरी पहिली मान हिची वर. आज मान जाग्यावर. डोळे तेवढे वर, त्यातून पाणी. दोन्ही हातानं माझा पदर धरलेला. "आत्याबाई, छत खाली येऊन राहिलंय का? मला दिसंना."
वकील म्हणला, "ही तर लईच. हिला नाटकात घ्या."
तिच्यासाठी मी वर बघितलं, म्हणलं, पंखा थाऱ्यावर हाय.

११ जानेवारी
मेस बंद. भूकंपाच्या दिवशीबी पोरं जेवली होती.
आठवलं. धक्का बसला तवा संगी मागं वळून बांगड्यांचं दुकान बघून राहिल्ती. मान पिळलेली. मी सरळ, कॅन घट्ट धरून. हे कुणी विचारलं न्हाई. म्या सांगितलं न्हाई. दूध सांडलं न्हाई हे खरं. आन

१३ जानेवारी
आपल्या वकिलाकडं गेले. मला पुन्हा उभी करा.
"मावशी, साक्ष झाली. अर्ज देऊन बघतो. सायेब म्हणतील, पोरानं शिकवून पाठवलं."
"मला शिकवणारा अजून जन्मला न्हाई."
हसला. पर अर्ज लिहिला. कंपनीवाला म्हणणारच, त्या दिवशी व्हरांड्यात समदे बरे झाले.
बाळ्या अजून बोलत न्हाई.

१६ जानेवारी
अर्जाचं कायबी कळलं न्हाई.
सकाळी संगी पाठमोरी बसली होती. हाक तोंडात आली, गिळली. उठले, फिरून तिच्या म्होरं जाऊन उभी राहिले. म्हणलं, च्या घेती का?
ती बघतच राहिली.